डॉक्टर सोडून गेले, केस पेपर अर्धवट राहिले. आता लिहायचं कोणी?

होटगी_रोडकर
मंडळी, कामाचा प्रश्न आहे, जाणकारांनी जरा वेळ काढावा. मी सोलापुरातल्या एका छोट्या खाजगी रुग्णालयाचं ऑफिस सांभाळतो. नाव विचारू नका. ज्यांनी ओळखलं त्यांनी गालातल्या गालात हसून गप्प बसावं.

आमच्याकडचे पूर्णवेळ सर्जन गेल्या महिन्यात हैदराबादला गेले. भांडणतंटा काही नाही, चांगली ऑफर आली, गेले. आपल्या रीतीने चादर दिली, फोटो काढले. आता रेकॉर्डच्या मॅडमनी त्यांच्या अर्धवट फाईलींचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवलाय. काहींत डिस्चार्ज कार्डावर सही नाही. काहींत राउंडच्या नोंदी पहिल्या दिवशी आहेत, शेवटच्या दिवशी आहेत, मधे कोरं. आणि काही फाईलींत ऑपरेशन नोटच्या छापील कागदावर पेशंटचं नाव आणि 'हर्निया' एवढंच, बाकी रकाने रिकामे.

यातल्या काहींचे विम्याचे क्लेम अडकलेत. एका पेशंटच्या मुलाने लेखी अर्ज देऊन सगळ्या फाईलीची झेरॉक्स मागितली आहे. मालक डॉक्टरांचं म्हणणं, 'आरएमओला बसवा, जुन्या तारखा टाकून भरून घ्या, सगळीकडे असंच चालतं.' आरएमओ म्हणजे हॉस्पिटलात ड्युटीला असणारा डॉक्टर, आमचा बीएएमएस झालेला, नुकता लागलेला पोरगा आहे. त्याचा चेहरा पडलाय.

तर, गेलेल्या डॉक्टरांच्या जागी कोण, काय आणि कुठवर लिहू शकतं? अर्धवट फाईल मागितली तर तशीच द्यायची की पूर्ण करून? आणि सरांचा शेवटचा पगार अजून दिलेला नाही, तो फाईली होईपर्यंत अडवावा का?

शेंगा_चटणी
काय करलालाव ओ साहेब! चादर द्यायच्या आधी फाईली घ्यायच्या की. आता चादर बी गेली, सही बी गेली.

डॉ_सातरस्ता
धागाकर्ते उगाच घाबरलेत. तीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, अर्धवट फाईल नाही असं एकही हॉस्पिटल मी पाहिलेलं नाही. सर्जन दिवसभर ओटीत (ऑपरेशन थिएटरात) उभा असतो, रात्री अकराला राउंड घेतो, 'पेशंट बरा आहे, तेच चालू ठेवा' हे तोंडी सांगतो. ते कागदावर नाही आलं म्हणून उपचार झाले नाहीत का? झाले. मग जे झालं ते आरएमओने लिहिलं तर बिघडलं कुठे? डिस्चार्ज कार्ड तर एरवीही आरएमओच लिहितो, सर फक्त सही करतात. 'करिता' लिहून सही करायची आणि पुढच्या कामाला लागायचं.

काळा_कोट
डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रतिसादात दोन वेगवेगळ्या गोष्टी एका ताटात आल्यात. डिस्चार्ज कार्ड हा फाईलीवरून काढलेला गोषवारा. तो आजचा डॉक्टर आजच्या तारखेने, स्वतःच्या नावाने, स्वतःचा नोंदणी क्रमांक टाकून आणि 'उपलब्ध नोंदींवरून तयार केला' असं लिहून देऊ शकतो. त्याला कोणी हरकत घेणार नाही.

पण मार्चमधल्या राउंडची नोंद आज मार्चची तारीख टाकून लिहायची? पेशंटला तपासलं कोणी, या पोराने? तो तेव्हा नोकरीलाही नव्हता! उलटतपासणीत पहिला प्रश्न 'तुम्ही रुजू कधी झालात' हाच येणार. आणि गेलेल्या डॉक्टरांची सही ठोकली तर तो सरळ बनावट दस्तऐवज. पूर्वी आयपीसी ४६५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६ आहे. तो कागद क्लेमला जोडून पैसे घेतले तर फसवणुकीचं कलम वेगळं.

एक प्रकरण सांगतो, ठिकाण-नाव सोडून. भूलतज्ज्ञाची नोट फाईलीत होती, तारीख बरोबर, वेळ बरोबर, अक्षर सुंदर. फक्त ज्या छापील कागदावर ती लिहिली होती, त्याच्या तळाशी रुग्णालयाचा नवा फोन नंबर होता. तो नंबर ऑपरेशननंतर घेतलेला. विरुद्ध बाजूच्या वकिलाने दुसरं काही केलंच नाही, तो कागद वर धरला आणि छापखान्याचं बिल मागितलं. ती नोट खरीही असेल. पण त्यानंतर फाईलीतल्या बाकीच्या, खऱ्याखुऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

गड्डा_यात्री
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काळा_कोट विरुद्ध पांढरा कोट.

टीपीए_पीडित
क्लेमच्या बाजूने सांगतो, त्याच खुर्चीत बसतो. ऑपरेशन नोट नसेल तर टीपीएची (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेची) क्वेरी येणारच. पण 'सर्जन संस्था सोडून गेले आहेत, त्यांना पत्र पाठवलं आहे, तोवर सोबत भूलतज्ज्ञाची नोट, ओटी रजिस्टरची प्रत, औषधांची बिलं आणि उपचार करणाऱ्या सध्याच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आहे' असं लेटरहेडवर लिहून पाठवलं तर बऱ्याचदा निघतो. नाही निघाला तर पेशंटला सांगून फेरविचाराचा अर्ज करता येतो. खाडाखोड दिसली की मात्र थेट तपास लागतो, आणि मग तुमच्या सगळ्याच फाईली भिंगाखाली जातात. महात्मा फुले योजनेत तर कागद स्कॅन करून चढवलेले असतात. तिकडे आधी कोरा कागद गेलेला असताना नंतर भरलेला पाठवला, तर दोन्ही त्यांच्या पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात.

सिस्टर_इनचार्ज
नोंद नाही म्हणजे माहिती नाही असं नसतं. डॉक्टर लिहीत नाहीत, पण आम्हाला लिहावंच लागतं. ड्युटी बदलताना हँडओव्हर नीट दिला नाही तर पुढची सिस्टर चार्जच घेत नाही.

होटगी_रोडकर सर, त्या कोऱ्या दिवसांच्या फाईलीतून हे काढा: टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं), औषधांचा चार्ट (त्यावर कुठल्या वेळेला कोणी दिलं याची सही असते), ड्रेसिंगची नोंद, सिस्टरांचं हँडओव्हर रजिस्टर. रजिस्टर फाईलीत नसतं, वॉर्डात असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात 'रात्री ११.२० सरांना फोन केला, सरांनी अमुक इंजेक्शन सांगितलं' असं शब्दशः सापडेल. ऑपरेशनचं असेल तर ओटी रजिस्टर, भूलतज्ज्ञाचा कागद, गॉज आणि उपकरणांच्या मोजणीचा तक्ता, बायोप्सीला पाठवल्याची नोंद, रक्तपेढीची चिठ्ठी. पेशंट टेबलावर कधी घेतला, कधी बाहेर आला, मदतीला कोण होतं, किती रक्त गेलं, एवढं यातून कळतं.

जे कळत नाही ते एकच: पोट उघडल्यावर सरांना आत काय दिसलं आणि त्यांनी नेमकं काय केलं. हर्नियात जाळी बसवली का, कुठल्या आकाराची, आतडं चिकटलेलं होतं का. हे फक्त त्यांच्या डोक्यात. ते आरएमओने लिहिणं म्हणजे कादंबरी. जाळीचा स्टिकर मिळाला तर कंपनी आणि आकार तरी कळेल, म्हणून बिलांचे गठ्ठेही बघा.

आणि त्या आरएमओ मुलाला माझा निरोप द्या. दबाव आला तर 'सर, तुम्ही लेखी द्या' एवढं वाक्य म्हण. पुढे काही होत नाही.

डॉ_सातरस्ता
सिस्टर, तुमचा मुद्दा मान्य, हँडओव्हर रजिस्टर ही खरी चीज आहे. पण काळा_कोट यांना विचारतो: मग लिहायचंच नाही का? कोरा कागद दिसला की तुमचेच वकीलबंधू म्हणतात 'नोंद नाही म्हणजे उपचार नाहीत'. भरलं तर खोटं, नाही भरलं तर निष्काळजी. डॉक्टरने करायचं काय?

काळा_कोट
लिहायचं, पण उशिरा लिहिलं हे कबूल करून लिहायचं. कोऱ्या रकान्यात घुसवायचं नाही. फाईलीच्या शेवटी वेगळं पान. वर आजची तारीख आणि वेळ. मग 'अमुक तारखांना वैद्यकीय नोंद आढळली नाही. खालील माहिती परिचारिका चार्ट व हँडओव्हर रजिस्टरवरून घेतली आहे'. प्रत्येक ओळीपुढे कुठून घेतली ते. खाली लिहिणाऱ्याची सही, नाव, नोंदणी क्रमांक. मूळ कोरी जागा कोरीच राहू द्या. फार तर त्यावर आडवी रेघ मारून शेजारी 'पुरवणी पान पाहा'. रेघेवरही तारीख आणि सही. व्हाइटनर दिसला की मी घरी जातो.

कोरी जागा ही त्रुटी आहे, आणि त्रुटीचं स्पष्टीकरण देता येतं. ग्राहक आयोगापुढे कागदच नाहीत किंवा बदललेत असं दिसलं की ते प्रतिकूल निष्कर्ष काढतात. त्यापेक्षा 'सर्जन गेले, आम्ही पत्र पाठवलं, ही पोच' हे शंभरपट बरं.

रे_का_रघू
वाचनखूण साठवली. आमच्या हॉस्पिटलात संगणक आहे, म्हणून साहेब लोक निर्धास्त आहेत. गेलेल्या डॉक्टरांचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला आहे, अजून चालू आहे, आणि त्यावरून परवाच डिस्चार्ज निघाला.

काळा_कोट
रघूभाऊ, तो कागद आजच फाडा. संगणकात कोणी, कधी, कुठल्या मशीनवरून लिहिलं ते मागे साठत जातं. सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने तो गेल्यानंतर नोंद पडली, तर तो स्वतः आयोगात येऊन सांगेल 'मी त्या दिवशी हैदराबादला होतो', आणि त्याच्याकडे तिकडचा हजेरीपट असेल.

मंगळवेढ्याची_ज्वारी
पेशंटच्या बाजूने कोणी बोलणार आहे का? माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टर सोडून गेले, डिस्चार्ज कार्ड मिळालं ते बिनसहीचं. मेडिक्लेमवाले म्हणतात सही आणा. हॉस्पिटल म्हणतं ते डॉक्टर आता आमच्याकडे नाहीत. ते डॉक्टर फोनवर म्हणतात कागद तर तिकडे आहेत. मंगळवेढा–सोलापूर एसटीने प्रत्येक खेपेला अर्धा दिवस जातो. शेवटी ओळखीच्या माणसाने हॉस्पिटलात फोन केला तेव्हा दहा मिनिटांत दुसऱ्या डॉक्टरांच्या सहीचं कार्ड मिळालं. मग आधी का नाही? ओळख नसलेल्याने काय करायचं?

काळा_कोट
ताई, ओळख लागत नाही, लेखी अर्ज लागतो. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम आहेत. भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं, आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं की पोच देऊन ७२ तासांत द्यायचं. न देणं हे डॉक्टरच्या दृष्टीने गैरवर्तन ठरतं, तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. 'गोपनीय आहे' म्हणून पेशंटलाच त्याचे कागद नाकारता येत नाहीत हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. मधे २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच लागू.

अर्ज दोन प्रतींत. एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. मागितली की आहे तशी द्या, पानांवर क्रमांक टाकून, पोच घेऊन. 'आधी पूर्ण करतो मग देतो' यात ७२ तास तर जातातच, शिवाय हल्ली नातेवाईक वॉर्डात असतानाच फाईलीच्या पानापानाचे मोबाईलवर फोटो काढून ठेवतात. तुमची नवी प्रत आणि त्यांचे जुने फोटो शेजारी ठेवले की काय होईल ते सांगायला वकील लागत नाही.

शेंगा_चटणी
फोटो काढले तरी वाचणार कोण? डॉक्टरचं अक्षर आमच्या गल्लीतला मेडिकलवाला सोडून कोणाला लागत नाही. त्याला बी कोर्टात बोलवा.

काळा_कोट
हसू नका, तसं होतं. सही केलेला डॉक्टर सापडत नसेल तर त्याचं अक्षर आणि सही ओळखणारा सहकारी किंवा रेकॉर्डकीपर साक्षीला उभा राहतो. पण अपघाताच्या, मारामारीच्या केसमध्ये न्यायालय आधी मूळ डॉक्टरलाच समन्स काढतं. पुणे–हैदराबाद हायवे आपल्या दारातून जातो, त्यामुळे आपल्याकडे एमएलसीला, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या केसेसना, तोटा नाही. गठ्ठ्यातल्या एमएलसी फाईली वेगळ्या काढा. त्यांना ३ वर्षांचा हिशेब लावू नका, खटला संपेपर्यंत जपा.

पूर्वभागातली_पद्मा
इथे सगळं मोठ्या दवाखान्यांचं चाललंय. आमच्या पूर्व भागात अजूनही एकाच फॅमिली डॉक्टरकडे तीन पिढ्या जातात. आमची आजी विड्या वळायची, तिचा खोकला, दम, बीपी सगळं डॉक्टरांच्या डोक्यात. कागद म्हणजे तळहाताएवढं कार्ड, त्यावर तारीख आणि गोळ्यांची आद्याक्षरं. डॉक्टर अचानक वारले. कंपाउंडर काकांनी कार्डांचे खोके घरी नेले, कारण दुकानगाळा रिकामा करायचा होता. मग वर्षभर सगळी गल्ली त्यांच्या घरी जाऊन 'माझी पांढरी गोळी कुठली होती हो' विचारत होती. ते तेलुगूत समजावून सांगायचे आणि चिठ्ठी लिहून द्यायचे. चूक की बरोबर माहीत नाही, पण नवीन डॉक्टरांना त्या चिठ्ठ्यांशिवाय काहीच कळलं नसतं.

डॉ_सातरस्ता
पद्माताई, हे खरं आहे आणि जरा अंगावर येणारं आहे. ३ वर्षांचा नियम भरती झालेल्या पेशंटपुरता, ओपीडीच्या कार्डाचं त्यात नाव नाही. मी माझ्यापुरतं म्हणून बीपी-शुगरच्या प्रत्येक पेशंटला चालू औषधांची यादी सुवाच्य अक्षरात वहीत लिहून देतो, वही त्यानेच सांभाळायची. (माझं सुवाच्य म्हणजे काय यावर शेंगा_चटणी यांनी बोलू नये.)

हैदराबादी_नाही
मी धागाकर्त्यांचा सर्जन नाही, आधीच सांगतो, पण मीही एक हॉस्पिटल सोडलेला डॉक्टर आहे. तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. पगार अडवू नका. माझा अडवला होता. परिणाम एवढाच झाला की मी त्यांचे फोन घेणं बंद केलं आणि ज्या फाईली मी एका रविवारी बसून संपवल्या असत्या त्या तशाच राहिल्या.

दुसरं, सगळे धरून चाललेत की सोडून जाणाऱ्याला फाईलींची पर्वा नसते. उलट आहे. मी केलेल्या ऑपरेशनची नोटीस मी कुठेही असलो तरी मलाच येणार. माझा बचाव त्या कागदांत आहे आणि ते कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांना माझ्याशी काही देणंघेणं उरलेलं नाही. जाताना मी प्रती मागितल्या तर 'आमचे पेशंट पळवणार' म्हणून नाही दिल्या. मूळ फाईल हॉस्पिटलची, ती मी नेऊ नये हे कबूल. पेशंटचे फोन नंबर चोरून नेऊ नयेत हेही कबूल. पण उद्या नोटीस आली तर त्या पेशंटच्या फाईलीची प्रत मला मिळेल, एवढं लेखी द्यायला काय हरकत होती? ते दिलं असतं तर मीही अर्धवट फाईलींच्या यादीवर सही करून गेलो असतो.

उजनी_शंभर_टक्के
पगाराबाबत असहमत. गोड बोलून कोणी फाईल लिहीत नाही. आमच्याकडे करारातच आहे: शेवटच्या महिन्याचा हिशेब रेकॉर्ड विभागाच्या 'बाकी नाही' सहीनंतर. रुजू होतानाच सांगितलेलं असतं, त्यामुळे रुसवेफुगवे नाहीत. करारात नसताना मागून अडवलं तर अडवणूक, आधी ठरलं असेल तर शिस्त.

काळा_कोट
उजनी यांच्याशी सहमत. होटगी_रोडकर यांच्या करारात तसं नाही असं गृहीत धरतो, त्यामुळे त्यांनी पगार देऊन टाकावा. आणि पगाराच्या पत्रातच फाईलींची यादी जोडावी.

गड्डा_यात्री
अवांतर: भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये सोलापूरचा हा माणूस चीनला गेला आणि तिकडेच राबता राबता १९४२ मध्ये गेला. तेव्हापासून सोलापूरच्या डॉक्टरांनी बाहेरगावी जायचं म्हटलं की आपण नाही म्हणू शकत नाही. हलके घ्या.

डॉ_सातरस्ता
कोटणीसांना यात ओढू नका हो.

सूक्ष्मदर्शी
उशिरा आले, सगळे प्रतिसाद वाचले. क्लेम झाला, कोर्ट झालं, पगार झाला. आता जे कोणीच विचारलं नाही ते विचारते: सरांनी पाठवलेल्या आणि ते गेल्यानंतर आलेल्या रिपोर्टांचं काय?

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. बायोप्सीचा रिपोर्ट तयार व्हायला वेळ लागतो. तो डॉक्टरांच्या नावाने जातो, त्यांच्या मोबाईलवर जातो किंवा हॉस्पिटलच्या काउंटरवर त्यांच्या खणात पडतो. डॉक्टर गेले की खण उघडतो कोण? खड्यासाठी काढलेल्या पित्ताशयात कधीकधी कॅन्सर निघतो, ऑपरेशन करताना कोणाला शंकाही आलेली नसते. मानेच्या गाठीत टीबी निघतो. टीबी २०१२ पासून कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, डॉक्टर गेले म्हणून ती जबाबदारी संपत नाही. आणि पेशंट घरी टाके काढून मोकळा, 'काही असतं तर फोन आला असता' या भरवशावर.

माझ्या मते त्या गठ्ठ्यातली सही नसलेली फाईल सहा महिने थांबू शकते. वाट बघणारा रिपोर्ट थांबू शकत नाही.

सिस्टर_इनचार्ज
+१ आणि दंडवत. यात भर घालते: डीजे स्टेंट. मूतखड्याच्या ऑपरेशननंतर आत नळी ठेवतात, ती काही आठवड्यांनी काढायची असते. पेशंटला बऱ्याचदा आत नळी आहे हेच माहीत नसतं, किंवा सांगितलेलं विसरतो, कारण दुखत नाही. राहिली तर तिच्यावर खडे चढतात आणि मग किडनीपर्यंत जातं. तारीख सरांच्या डायरीत असते आणि डायरी सरांबरोबर हैदराबादला. ओटी रजिस्टरमध्ये स्टेंटचे स्टिकर चिकटवलेले असतात, ते बघत मागे जा.

होटगी_रोडकर
सूक्ष्मदर्शी ताई आणि सिस्टर, तुमचे प्रतिसाद वाचून मी क्लेमचं काम बाजूला ठेवलं. काय काय झालं ते सांगतो.

सरांच्या नावाचा खण उघडला. लॅबचे बंद पाकिटातले रिपोर्ट निघाले. मालक डॉक्टरांनी स्वतः बसून वाचले, बहुतेक सगळे साधे निघाले. एक गाठीचा रिपोर्ट टीबीचा होता. त्या पेशंटला बोलावून घेतलं, निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली, औषध सुरू झालं.

मग ओटी रजिस्टर. आमची ओटी सिस्टर स्टिकर मधोमध न लावता समासात आडवा लावते, त्यामुळे पानं नुसती चाळली तरी कडेला निळ्या पट्ट्या दिसतात. एकेक पट्टी घेऊन फाईल काढली आणि स्टेंट काढल्याची नोंद आहे का बघितलं. एकाची नव्हती. इंडी तालुक्यातले गृहस्थ, फाईलीवर दिलेला फोन पुण्यातल्या पुतण्याचा, पुतण्या म्हणतो काका शेतावर, त्यांच्याकडे फोन नाही. शेवटी त्यांच्या गावातल्या मेडिकल दुकानदाराला कन्नड येणाऱ्या आमच्या वॉर्डबॉयने फोन लावला. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ हजर. म्हणाले, 'लघवीला जळजळ होते, पण उन्हाचं असेल म्हणून ताक पीत होतो.' नळी निघाली, वेळेत निघाली. डॉक्टर बाहेरून बोलवावे लागले, खर्च हॉस्पिटलने केला.

यानंतर मालकांचा सूर जरा बदललाय. पूर्ण बदलला म्हणणार नाही, अजून 'पूर्वी नव्हती ही भानगड' चालू आहे. पण जुन्या तारखांचा विषय बंद झाला. पेशंटच्या मुलाला फाईल आहे तशी, पानांवर क्रमांक टाकून दिली. त्याने दोन कोऱ्या पानांबद्दल विचारलं, मी सांगितलं सर सोडून गेलेत आणि आम्ही पत्र पाठवलंय. त्याने मान हलवली आणि पोच दिली, एवढंच झालं. सरांचा पगार जमा केला, सोबत अर्धवट ऑपरेशन नोटांची यादी आणि त्या त्या फाईलीच्या प्रती स्पीड पोस्टाने पाठवल्या.

हैदराबादी_नाही
मूळ न पाठवता प्रतीच पाठवल्यात, हे बरं केलंत. त्यांना सांगा नोट लिहिताना आजची तारीख आणि 'आठवणीवरून व सोबतच्या कागदांवरून' असं स्पष्ट लिहा. जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' लिहा. मी स्वतः एका नोटेत जाळीचा आकार आठवत नाही असं लिहिलंय, आकाश कोसळलं नाही.

डॉ_सातरस्ता
जुनी तारीख टाकू नये हे पटलं, आधीचं म्हणणं त्या मर्यादेत मागे घेतो. पण एक तक्रार राहतेच. हे सगळं डॉक्टर गेल्यावर करायचं कामच नव्हे. आमच्याकडे आता डिस्चार्जच्या दिवशी फाईल रेकॉर्डला जाताना मॅडम चार गोष्टी बघतात: संमतीपत्र, ऑपरेशन नोट, रोजच्या सह्या, बाकी रिपोर्ट. नसेल तर फाईल घेतच नाहीत, परत ओटीच्या दारात. सुरुवातीला मीच सर्वांत जास्त चिडलो होतो.

उजनी_शंभर_टक्के
आणि राजीनामा दिल्याच्या दिवशी यादी काढायची, शेवटच्या दिवशी नाही. शेवटच्या दिवशी केकच असतो.

होटगी_रोडकर
एक शेवटचं. आमच्याकडे सोनोग्राफीला येणारे रेडिऑलॉजिस्टही त्याच सुमारास बदलले. काही फॉर्म एफवर (गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा सरकारी फॉर्म) त्यांची सही राहिल्याचं आज मॅडमनी दाखवलं. त्यालाही पुरवणी पान चालेल ना?

काळा_कोट
नाही! हात लावू नका. वरचा सगळा सल्ला फॉर्म एफला लागू करू नका. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यात नोंदीतली त्रुटी हीच उल्लंघन मानली जाते, निर्दोष असल्याचं दाखवायची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्यावर, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ती तरतूद कायम ठेवली आहे. दर महिन्याचा अहवाल पुढच्या ५ तारखेपर्यंत गेलेला असतो, म्हणजे महापालिकेकडे काय गेलं आणि तुमच्याकडे काय आहे याचा ताळा लागणार. आहेत ते फॉर्म तसेच कुलपात ठेवा. कोणाला सही करू देऊ नका, त्या रेडिऑलॉजिस्टनाही मागच्या तारखेने नाही. रेडिऑलॉजिस्ट बदलल्याचं प्राधिकाऱ्याला आधी कळवलं होतं का, ते पत्र शोधा. आणि पीसीपीएनडीटीचं काम करणारा वकील उद्याच गाठा, धाग्यावर विचारत बसू नका.

होटगी_रोडकर
बदलाचं पत्र सापडलं, आवक शिक्क्यासकट. फॉर्म कपाटात ठेवले, किल्ली मालकांकडे. वकिलांची उद्या साडेदहाची वेळ घेतली आहे.